जुनी टर्बो गाडी सांभाळायची म्हणजे नेमकं काय सांभाळायचं

घर दोन-तीन किलोमीटरवर आलं की मी ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करतो, वरच्या गिअरमध्ये गाडी नुसती वाहू देतो, मागून कोणी घाईत येत असेल तर त्याला पुढे काढतो आणि पार्किंगमध्ये लावल्यावर थोडा वेळ तसाच बसून मग चावी फिरवतो. मागे पुण्याहून आतेभाऊ आला होता तो म्हणाला, दादा उतर की, आता कशाची वाट बघतोयस. मग त्याला बॉनेट उघडून अर्धा तास सगळं दाखवलं. त्याच्याकडे पण पुण्यात टर्बो पेट्रोल गाडी आहे, नवी, पण आत टर्बो नेमका काय करतो हे त्याला शोरूममध्ये कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहायला घेतलं. गाडी माझी आहे ती १९८७ ची, साब ह्या स्वीडिश कंपनीची ९०० टर्बो, १६ व्हॉल्व्हवाली, मी राहतो स्वीडनमध्ये गोथेनबर्गला, आणि जिथे ही गाडी बनली ते ट्रोलहेटान इथून फार लांब नाही, नदीच्या काठाकाठाने वर गेलं की ७५ किलोमीटरच्या आसपास.

आधी टर्बो म्हणजे काय ते. इंजिन म्हणजे चूल समजा. जाळ मोठा हवा असेल तर नुसती लाकडं आत सारून भागत नाही, हवा कमी पडली की धूरच होतो, म्हणून आजी फुंकणी घेऊन बसायची. साधं इंजिन जेवढी हवा आपोआप आत ओढेल तेवढ्यावर चालतं, टर्बो म्हणजे त्याला लावलेली फुंकणी. आणि ह्या फुंकणीची खरी करामत ही की ती चालवायला वेगळा माणूस लागत नाही, चुलीतून बाहेर पडणारा धूरच ती चालवतो. एका बारीक दांड्यावर दोन पंखे असतात, वाटीच्या आकाराचे. एकावर इंजिनातून निघालेला गरम एक्झॉस्ट आपटतो आणि त्याला फिरवतो, दांडा एकच असल्यामुळे दुसरा पंखा पण फिरतो आणि तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त जाळता येतं, आणि २ लिटरचं इंजिन मोठ्या इंजिनासारखं ओढायला लागतं. माझ्या गाडीचं इंजिन १९८५ सीसी आहे, कागदावर १७५ हॉर्सपॉवर, ८० च्या दशकात एका चार सिलिंडरच्या घरगुती गाडीसाठी हे खूप होतं.

आता इथेच दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसवा कारण पुढचा सगळा मेंटेनन्स ह्यातूनच निघतो. पहिली, तो दांडा मिनिटाला एक लाखाच्या वर फेरे मारू शकतो, इंजिन ६००० ला पोचलं तरी आपल्याला ते ओरडतंय असं वाटतं, त्यावरून अंदाज करा. एवढ्या स्पीडला साधं बॉल बेअरिंग त्या काळात लावत नव्हते, दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, धातूला धातू लागतच नाही, म्हणजे तेल आहे तोवर. दुसरी गोष्ट उष्णता. दाबून चालवली की एक्झॉस्टच्या बाजूला ८००-९०० डिग्री तापमान होतं, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बाहेरची थंड हवा. तीन-चार इंच अंतरात एवढा फरक.

म्हणून ती शेवटची दोन-तीन किलोमीटर. घाटातून किंवा हायवेवरून दाबून आलात आणि लगेच इंजिन बंद केलं तर ऑइल पंप थांबतो, टर्बोमधलं तेल जागच्या जागी उभं राहतं आणि तापलेल्या लोखंडावर जळतं. कढईला बाहेरून जो काळा जाड थर बसतो ना, घासणी घेऊन बसलं तरी निघत नाही, तस्साच थर दांड्याभोवती आणि तेलाच्या बारीक भोकांमध्ये बसायला लागतो. एकदा दोनदा झाल्याने काही होत नाही, पण ३५-३८ वर्षांत किती मालकांनी किती वेळा असं केलं असेल कोण सांगणार. भोक बारीक होत गेलं की तेल कमी पोचतं, तेल कमी पोचलं की दांडा घासतो, आणि मग शिट्टीसारखा आवाज आणि निळा धूर. १९८८ च्या आसपासच्या साबना टर्बोमधून कूलंट फिरवायची सोय आली त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला, माझी त्याच्या आधीची, हिचा टर्बो फक्त तेलावर थंड होतो. इथे गाडी उभी करून इंजिन चालू ठेवण्यावर बंधनं आहेत आणि ती बरोबरच आहेत, म्हणून थांबून थंड करण्यापेक्षा येता येता हळू चालवून थंड करणं मला जास्त पटतं.

सकाळी सुरू करताना उलटं. थंड तेल जाड असतं, वर पोचायला वेळ लागतो. चालू केल्या केल्या रेस देऊ नका, वीस-तीस सेकंदात हळू निघा आणि तेल गरम होईपर्यंत टर्बोला कामाला लावू नका. कूलंटचा काटा वर आला म्हणजे तेल गरम झालं असं नसतं, तेलाला त्याहून जास्त वेळ लागतो, मी दहा-पंधरा मिनिटं धरतो, थंडीत जास्तच.

तेल स्वतः काय फार महाग नाही, साधारण ४ लिटर लागतं, मी दर ५००० किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी होईल ते, फिल्टरसकट बदलतो. नव्या गाडीवाल्यांना हे जास्त वाटेल पण टर्बोचं बेअरिंग आणि टायमिंग चेन दोन्ही ह्याच तेलावर जगतात, हो, ह्याला बेल्ट नाही चेन आहे, आणि गाडीवर जेवढे पैसे जातात त्यात हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा खर्च आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

थोडा इतिहास, कारण ह्या गाडीचा स्वभाव त्यातून कळतो. टर्बोचं पेटंट १९०५ चं, आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरचं. गाड्यांमध्ये पहिल्यांदा १९६२ मध्ये अमेरिकेत आला, ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर. जेटफायरमध्ये तर इंजिन ठोकू नये (ठोकणं म्हणजे काय ते पुढे सांगतो) म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरायला लागायचं, लोक भरायला विसरायचे, ते काही टिकलं नाही. मग १९७३ ला बीएमडब्ल्यू २००२ टर्बो, पाठोपाठ पोर्शे ९११ टर्बो, पण ह्या वेगाच्या शौकीनांच्या गाड्या. साबने १९७७ ला फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९९ टर्बो आणली ती वेगळ्या विचाराने. नवीन मोठं इंजिन बनवण्याइतकी ही कंपनी मोठी नव्हती, मग त्यांनी आपल्याच २ लिटरच्या इंजिनाला छोटा टर्बो लावला, असा की तो कमी आरपीएमला पण कामाला लागेल, म्हणजे ओव्हरटेक करताना, चढावर, चार माणसं आणि सामान असताना. बर्फातून मुलांना शाळेत सोडणाऱ्या माणसाने रोज वापरायची टर्बो गाडी ही कल्पना तिथून खऱ्या अर्थाने रुळली.

पण मोठी अडचण राहिली ती ठोकण्याची. सायकलच्या पंपाने जोरात हवा भरली की पंपाचं खालचं टोक चटका बसेल इतकं तापतं, आठवत असेल. हवा दाबली की तापते. टर्बो पण हवा दाबतो म्हणजे तापवतो, आणि तापलेली हवा-पेट्रोल सिलिंडरमध्ये आणखी दाबलं गेलं की उरलेलं मिश्रण वेळेआधी स्वतःच भडकतं. कानाला ते टिकटिक किंवा खडखड असं येतं, पण आत पिस्टनच्या डोक्यावर हातोडी बसत असते, जास्त वेळ चाललं तर पिस्टन फुटतो, हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड ह्यांच्यामधलं सील जातं. ह्यावर एक उपाय म्हणजे दाबलेली हवा आत जायच्या आधी थंड करायची, त्यासाठी समोर रेडिएटरसारखाच इंटरकूलर असतो, फक्त त्यातून पाण्याऐवजी हवा जाते. दुसरा उपाय साबचा स्वतःचा, एपीसी. पेर यिलब्रांड ह्या त्यांच्या इंजिनिअरचं काम, ह्या माणसाला स्वीडनमध्ये लोक प्रेमाने टर्बो-पेल्ले म्हणायचे. १९८२ मध्ये आलं. इंजिनच्या ब्लॉकला एक सेन्सर चिकटवलेला असतो, तो सतत कान लावून बसलेला, ठोकल्याची कंपनं जाणवली की एक छोटा डबा लगेच टर्बोचा दाब कमी करतो, ठोकणं थांबलं की परत वाढवतो. म्हणजे पेट्रोल हलकं मिळालं तरी गाडी स्वतःला सांभाळून घेते, चांगलं मिळालं तर जास्त ओढते. आज प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडीत कॉम्प्युटर हेच करतो, पण तेव्हा ते नवीन होतं, आणि माझ्या गाडीतला तो डबा अजून मूळचाच आहे आणि काम करतोय ह्याचा मला फार अभिमान आहे.

दाब कमी-जास्त कसा होतो ते पण समजून घ्या, पुढे लागेल. एक्झॉस्टच्या वाटेत एक झडप असते, वेस्टगेट. ती उघडली की धूर पंख्याला बगल देऊन सरळ सायलेन्सरकडे जातो, पंखा मंदावतो. ही झडप उघडते दाबलेल्या हवेनेच, बोटाएवढ्या जाडीची सुद्धा नाही अशी एक रबरी नळी टर्बोकडून येते. एपीसी त्या नळीतली थोडी हवा वाटेतच सोडून देतं, म्हणजे झडप उशिरा उघडते आणि दाब वाढतो. आता बघा, एपीसी बंद पडलं तर नळीत सगळी हवा पोचणार, झडप लवकर उघडणार, गाडी कमी दाबावर सुरक्षित पण सुस्त चालणार. पण तीच नळी निसटली किंवा फाटली तर झडप उघडणारच नाही, दाब वाढतच जाणार. त्यासाठी साबने एक प्रेशर स्विच ठेवलाय, दाब हद्दीबाहेर गेला की तो पेट्रोल पंप बंद करतो आणि गाडीला एकदम ब्रेक लावल्यासारखा हिसका बसतो. असा हिसका कधी बसला तर पाय काढा, हळू घरी या आणि सगळ्यात आधी ती नळी बघा. स्विचची वायर काढून टाकून आता जोरात पळते म्हणणारे लोक मी पाहिलेत, असं चुकूनही करू नका.

आता माझ्यावर आलेली पाळी सांगतो. चार वर्षांपूर्वी गाडीचा पिकअप गेला. डॅशबोर्डवर दाबाचा काटा आहे, त्यावर आकडे नाहीत, नुसते रंगाचे पट्टे, तो अर्ध्यावर येऊन थांबायचा, दाबलं की मागे थोडा काळा धूर आणि ॲव्हरेज पण पडलं. एका गॅरेजमध्ये नेली, त्यांनी समोरचा होस काढला, पंख्याला बोट लावून हलवला, हलतोय बघा म्हणाले, टर्बो गेला, नवीन लागेल, आणि आकडा सांगितला तो ऐकून मी गाडी विकायचा विचार करत घरी आलो. दोन रात्री झोप नीट लागली नाही. मग इथल्या एका जुन्या साबवाल्या आजोबांकडे गेलो, ऐंशीच्या घरातले, त्यांनी सांगितलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. दांडा तेलावर तरंगतो, तेव्हा इंजिन बंद असताना तो बाजूला थोडा हलणारच, हलायलाच पाहिजे. बघायचं असतं ते आत-बाहेर. बोटाने पकडून पुढे ओढा, मागे ढकला, त्या दिशेने हाताला जवळपास काहीच जाणवता कामा नये. आणि बाजूला ढकलून फिरवला तर पंख्याची पाती भोवतीच्या कवचाला घासता कामा नयेत, पात्यांच्या कडा कुठे झिजलेल्या, चकाकलेल्या नकोत. माझा दोन्हीत पास झाला.

मग त्यांनी टर्बोच्या तोंडाला एक झाकण बसवलं, त्यात टायरचा व्हॉल्व्ह लावलेला, कॉम्प्रेसरने अगदी हलका दाब दिला आणि भांडी घासायच्या साबणाचं पाणी एकेका जोडावर शिंपडत गेले. इंटरकूलरकडून येणारा जाड रबरी होस वरून नव्यासारखा दिसत होता. क्लॅम्पच्या खालच्या बाजूला, जिथे डोळा पोचत नाही तिथे हात घातला तर फेस बोटांवर आला. होस काढून अंगठ्यांनी वाकवला तेव्हा दोन इंच लांबीची चीर उघडली, सोडला की परत बंद, दिसायची सुद्धा नाही. गाडी सावकाश चालली की चीर बंद, दाब आला की उघडी. हवा मोजायचं यंत्र ह्या होसच्या आधी आहे, त्याने मोजलेली हवा अर्धी बाहेर सांडत होती पण पेट्रोल मात्र पूर्ण हिशोबाने पडत होतं, म्हणून काळा धूर. नवा होस, दोन नवे क्लॅम्प, काम संपलं. सांगितलेल्या टर्बोच्या किमतीचा तो पंचवीसावा भाग पण नव्हता. त्यानंतर मी गाडीतला प्रत्येक रबरी होस, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांसकट, बदलून घेतला, आणि जुनी टर्बो गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतो की पहिले पैसे तेल आणि होसवर घाला, टर्बोकडे त्यानंतर बघा.

धुराचे रंग जरा लक्षात ठेवा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, वर सांगितलं तसं. पांढरा दाट आणि थांबतच नाही, आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केट. निळा म्हणजे तेल जळतंय, पण कुठलं ते वेळेवरून ओळखायचं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर एकदाच भस्सकन निळा आला आणि गेला तर बहुतेक व्हॉल्व्हचे सील. सिग्नलला बराच वेळ उभं राहून निघताना निळा आला तर टर्बोवर संशय घ्यायला जागा आहे. तरी लगेच नवीन घेऊ नका, टर्बोमधलं तेल खाली परत जातं ते कुठल्या पंपाने नाही, नुसतं उताराने जातं, ती परतीची नळी तुंबली असेल किंवा इंजिनच्या आतली वाफ बाहेर जायची नळी बंद असेल तर चांगला टर्बो पण तेल ओकतो. आणि खरंच टर्बो बदलायची वेळ आली तर तेलाची येणारी नळी नवीनच लावा, जुन्या नळीतला तो जळका थर नव्या बेअरिंगचा आठवड्यात निकाल लावतो. बसवल्यावर इग्निशन तोडून नुसता स्टार्टर मारत राहा, तेलाचा दिवा विझला की मगच इंजिन चालू करा.

पेट्रोलचं थोडक्यात. ऑक्टेनचा आकडा जेवढा मोठा तेवढं ते पेट्रोल कमी ठोकतं. स्वीडनमध्ये ऑगस्ट २०२१ पासून साध्या ९५ ऑक्टेनमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ९८ मध्ये कमी, म्हणून मी ९८ च भरतो. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही आणि वर एपीसीला पण चांगल्या ऑक्टेनचा फायदा. भारतात तर आता २० टक्क्यांची गोष्ट आहे, तिथे कोणाकडे जुनी गाडी असेल तर पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल चालेल अशा रबराच्या करून घ्या, बॉनेटखाली लालभडक तापलेल्या टर्बोशेजारी पेट्रोल गळणं म्हणजे आगीशी गाठ.

ह्या गाडीचं इंजिन तिरकं आणि उलटं बसवलंय, क्लच समोर बंपरकडे आणि गिअरबॉक्स इंजिनच्या पोटाखाली. त्यामुळे क्लच बदलायला इंजिन उतरवायला लागत नाही, बॉनेट उघडून वरूनच निघतो, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. पण गिअरबॉक्सचं काम निघालं तर इंजिनसकट सगळं बाहेर, आणि गिअरबॉक्स हीच ह्या गाडीची नाजूक जागा. टर्बोचा जोर त्याला झेपतो पण जेमतेम. म्हणून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबायचं नाही, गिअर शांतपणे टाकायचे. चावी दोन सीटच्या मधे आहे आणि रिव्हर्स टाकल्याशिवाय ती निघत नाही, त्यामुळे रोजच्या रोज रिव्हर्स नीट पडतोय का हेही कळत राहतं.

गंजाबद्दल न बोलता स्वीडनमधल्या गाडीची गोष्ट पूर्ण होणार नाही. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्रा खातं. बॅटरीखालचा पत्रा, दरवाज्यांचा तळ, चाकांच्या कमानी आणि पुढच्या चाकांना जाणारे शाफ्ट ज्या पोकळीतून जातात ती पोकळी, ह्या चार ठिकाणी टॉर्च मारून आणि बोटाने दाबून बघा. इंजिन कितीही बिघडलं तरी पैसे टाकून उभं राहतं, कुजलेला सांगाडा नाही राहत. इथे ३० वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स नाही आणि पासिंग दोन वर्षांतून एकदा, पण पासिंगवाला हातोडी घेऊन खालून ठोकून बघतो आणि बऱ्याच जुन्या साब तिथेच अडकतात. माझी नोव्हेंबर ते मार्च शेडमध्ये असते. साबची गाड्या बनवणारी कंपनी डिसेंबर २०११ ला दिवाळखोरीत गेली, तरी पार्टचा पुरवठा वेगळ्या कंपनीने चालू ठेवलाय, झिजणारे पार्ट बहुतेक मिळतात. आतल्या प्लास्टिकच्या आणि ट्रिमच्या वस्तूंसाठी मात्र भंगारवाले आणि ओळखीपाळखी.

घ्यायला जाणार असाल तर विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका, मी आल्यावर करू. पोचलात की नमस्कार झाल्यावर कागद बघायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवा. पत्रा थंड असेल तर स्टार्ट मारताना कोणाला तरी मागे सायलेन्सरजवळ उभं करा, धुराचा रंग बघायला. कोमट लागला तर चहा घ्या, गप्पा मारा, काही बोलू नका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर परत जा.